मामा, तेवढं नीट बसू नकोस

मामाला विचारलं, तुझा पुतळा करू का, तर म्हणाला, "का गं, मी गेलो की काय?"

त्याचंही काही चुकलं नाही. पुतळा म्हटलं की चौथरा, एक हात वर, नजर लांब कुठेतरी आणि माणूस शक्यतो हयात नसलेला. मी म्हटलं तसला नाही रे, तू खुर्चीत बसलायस, मांडीवर पिशवी, हातात टोकन, नंबर कधी येतोय याची वाट बघतोयस, एवढंच. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आणि हे बघायला लोक येणार?" म्हटलं येतात. "काय बघतात?" याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नव्हतं. आता आठ महिन्यांनी थोडंफार देता येईल असं वाटतंय म्हणून लिहून काढतेय, आठवेल तसं.

हुबेहूब खऱ्या माणसासारख्या पुतळ्याच्या या प्रकाराला हायपररिअल शिल्प म्हणतात. मराठीत अतिवास्तव म्हणायची सोय नाही कारण तो शब्द सररिअलिझमवाल्यांनी, म्हणजे स्वप्नात दिसावं तसं रंगवणाऱ्या, वितळणाऱ्या घड्याळांवाल्यांनी, आधीच अडवून ठेवलाय आणि हे प्रकरण बरोब्बर उलटं, इथे काहीच वितळत नाही, शर्टाच्या खिशाला पेनाची शाई लागलेली असेल तर ती शाईसुद्धा आहे तिथेच असते.

माझ्या डोक्यात हे खूळ घातलं ड्वेन हॅन्सनने. अमेरिकन शिल्पकार, जन्म १९२५, गेला १९९६ मध्ये. गंमत अशी की सुरुवातीला त्याची कामं एकदम अंगावर येणारी होती, अपघात, दंगल, व्हिएतनामच्या युद्धातले मेलेले सैनिक, ही सगळी १९६७ च्या आसपासची. मग १९७० च्या सुमाराला त्याने तो मारामारीचा मामला सोडला आणि डोक्याला कर्लर लावून गच्च भरलेली ट्रॉली ढकलणारी बाई केली, गळ्यात कॅमेरा अडकवलेला टूरिस्ट आणि त्याची बायको केली, दोघं मान वर करून काहीतरी बघतायत (ते जोडपं आता एडिनबरोला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे), पुढे एकटीच जेवत बसलेली बाई, सफाईवाली, रंगारी, म्युझियमचा पहारेकरी. सगळी साधी माणसं आणि सगळी दमलेली. मी ही कामं फोटोतच बघितलीत, समोर उभं राहून नाही, पण फोटोतसुद्धा त्या मेलेल्या सैनिकांपेक्षा ट्रॉलीवाल्या बाईपाशी मला जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

तर मला वाटलं, मातीत पोर्ट्रेट तर आपण बरीच वर्षं करतोय, नाकडोळे जमतात, मग हे काय अवघड आहे, जिवंत माणसाचा साचा घ्यायचा, ओतायचं, रंगवायचं. हॅन्सनपण माणसांवरूनच साचे घ्यायचा. साचा म्हणजे कॉपीच की, त्यात चुकणार काय? हा माझा गैरसमज नंबर एक, आणि तो फिटायला पहिला आख्खा दिवस गेला.

तयारी मी भरपूर केली होती. चेहऱ्यासाठी अल्जिनेट, हे समुद्री शेवाळापासून बनतं, दाताचे डॉक्टर माप घ्यायला तोंडात घालतात तेच. पावडर पाण्यात कालवायची, पाच-सात मिनिटांत रबरासारखं घट्ट होतं, कातडीवरची रेघ न् रेघ पकडतं. वरून प्लास्टरच्या बँडेजच्या पट्ट्या लावायच्या म्हणजे त्या मऊ साच्याला कवच मिळतं. डोक्याला टक्कल-टोपी, भुवयांना आणि मिशीला व्हॅसलिन. मिशीवरून अर्धा तास वाद झाला. मी म्हटलं काढ, परत येईल, तो म्हणाला एकोणचाळीस वर्षं आहे, आता नाही. मग इतकं व्हॅसलिन थापलं की मिशी एका तुकड्यात काढून ठेवता आली असती. एक मैत्रीण फक्त मामाच्या नाकपुड्या बघायला बसवली होती, तिला दुसरं काहीही काम नाही, नाकपुडी झाकली जातेय असं दिसलं की बोटाने मोकळी करायची. काही जण नाकात स्ट्रॉ घालतात म्हणे, ते करू नका, नाकाचा आकार बिघडतो आणि धक्का लागला तर वेगळीच भानगड. मामाशी ठरलं होतं, अंगठा वर म्हणजे ठीक, हात वर म्हणजे ताबडतोब काढ.

पहिल्या वेळेला पाणी कोमट घेतलं, मामाला थंडी वाजू नये म्हणून. कोमट पाण्याने अल्जिनेट लवकर बसतं हे मला माहीत होतं पण किती लवकर ते माहीत नव्हतं. बादलीतून हात बाहेर काढेपर्यंत बादलीत गुलाबी रंगाचा मोठा थोरला खोडरबर. मामा डोळे मिटून, गाल पुढे करून बसलेला, "लाव की." दुसऱ्या वेळेला घाबरून एकदम गार पाणी घेतलं तर ते बसायलाच तयार नाही, कपाळावरून ओघळतंय गळ्यात, मामा कुडकुडतोय, मैत्रीण नाकपुड्या वाचवतेय. कसंबसं बसलं, वरून बँडेज लावलं, ते घट्ट होताना गरम होतं, तेव्हा कुठे मामाने अंगठा वर केला. काढल्यावर लगेच प्लास्टर ओतलं, कारण अल्जिनेटमधलं पाणी उडालं की ते आक्रसतं, उद्या बघू म्हणायची सोय नसते.

दीड तासाने सोलून बघितलं. कातडी अप्रतिम आली होती, खरंच, नाकाच्या शेंड्यावरची भोकं मोजता येत होती. आणि चेहरा? इंजेक्शनची सुई टोचायच्या आधी माणूस जसं तोंड करतो तसं. भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट, डोळे करकचून मिटलेले, बँडेजच्या वजनाने गाल खाली घसरलेले. सगळी मापं मामाची आणि माणूस भलताच. साच्याने खोटं काहीच पकडलं नव्हतं, थंडगार चिखल तोंडावर आल्यावर मामाने जे केलं तेच त्याने इमानेइतबारे पकडलं होतं.

तेव्हा मला रोदँ या फ्रेंच शिल्पकाराचा किस्सा नव्याने कळला. त्याने एका बेल्जियन सैनिकाला समोर उभं करून पुरुषाचं नग्न शिल्प केलं, १८७७ मध्ये प्रदर्शनात मांडलं, ते इतकं जिवंत वाटलं की लोकांनी आरोप केला, हा थेट माणसाच्या अंगावरून साचा काढलाय, म्हणजे चोरी. बिचाऱ्याला आपण निर्दोष आहोत हे पटवायला फोटोबिटो गोळा करावे लागले. मी आर्ट शिकत असताना मला वाटायचं काय अन्याय हा. आता वाटतं आरोप करणाऱ्यांपैकी कोणी आयुष्यात एकदा तरी साचा काढून बघितला असता तर हा आरोप केलाच नसता. साच्यातून जिवंतपणा निघत नाही हो. साच्यातून आवळलेल्या भुवया निघतात.

आणि जॉर्ज सीगल हा अमेरिकन शिल्पकार तर मला त्या रात्री एकदम शहाणा वाटायला लागला. त्याने १९६१ मध्ये स्वतःलाच बायकोकडून प्लास्टरच्या बँडेजमध्ये गुंडाळून घेतलं आणि त्यातून टेबलाशी बसलेला माणूस उभा केला (म्हणजे बसवला). पांढरा, खडबडीत, बँडेजच्या सुरकुत्या तशाच, डोळेबिळे काही नाही. तरी लांबून बघितलं की माणूस बसलाय हे कळतं, आणि कसा बसलाय तेही. एक भोक नाही कातडीला आणि माझ्या हजार भोकांच्या मुखवट्यापेक्षा जास्त जिवंत.

पण खरी गोष्ट कळली ती पुढच्या वेळी, आणि तीही माझ्या गलथानपणामुळे.

या वेळी अंगाचा साचा घ्यायचा होता, बसलेल्या स्थितीत. मामा आला, खुर्चीत बसवला, म्हटलं नेहमीसारखा बस. आता कोणालाही नेहमीसारखा बस म्हणून बघा, तो पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखाच बसतो. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, पिशवी मधोमध, दोन्ही हात पिशवीवर. शिवाय पोट आत. साठीच्या पुढचा माणूस पण पुतळा म्हटल्यावर पोट आत घेतोच. मी म्हटलं असू दे, सुरू करू, आणि तेवढ्यात लक्षात आलं की बँडेजचे रोल कापूनच ठेवले नाहीयेत. ते कापायला बसले, मग क्लिंग फिल्म (अन्न गुंडाळतात ते पातळ प्लास्टिक) सापडेना, मग बादली गळत होती. "मामा, सातच मिनिटं." "मामा, झालंच." असं करत सव्वा तास गेला. तो बिचारा तसाच खुर्चीत.

वळून बघितलं आणि मी थांबलेच. पोट सुटलं होतं आणि शर्टाच्या दोन बटणांच्या मधे फट पडली होती. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. एक पाय खुर्चीखाली ओढून घेतलेला, दुसऱ्या पायाची टाच बुटातून अर्धी बाहेर काढलेली, बुटाची मागची बाजू मोज्याखाली दबलेली. पिशवीचा बंद मनगटाला एक वेढा देऊन घेतलेला, म्हणजे डुलकी लागली तरी पिशवी पडायला नको. टोकन म्हणून मी दिलेला कागद हातात होता पण धरलेला नव्हता, बोटांमध्ये नुसता राहिला होता. खालचा ओठ किंचित सैल. नजर जमिनीवर, फरशीच्या एका सांध्यावर.

मी ओरडले, "मामा, हलू नकोस!" आणि झालं, लगेच पाठ ताठ, पोट आत, टाच बुटात.

मग काय, पुन्हा वाट बघायला लावली. या वेळी मुद्दाम. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत बसले आणि वीस मिनिटांनी दाराच्या फटीतून फोनवर फोटो काढले, समोरून, बाजूने, सगळीकडून काही जमलं नाही पण नऊ-दहा बरे आले. मामाला हे अजून माहीत नाही. (आता कळेल.) मग फोटो बघून बघून खुर्चीवर आणि फरशीवर खडूने खुणा केल्या, पाय इथे, कोपर इथे, मामाला म्हटलं श्वास सोड, अजून सोड, पोटपण सोड, आणि त्या ढिल्या अंगावर क्लिंग फिल्म गुंडाळून बँडेज चढवलं. छातीचे केस फिल्मखाली सुरक्षित. बँडेज गरम झाल्यावर त्याला झोपच लागली, हे मात्र फार बरं झालं.

तर माझ्यापुरतं एवढं कळलं की माणूस खरा वाटतो तो भारामुळे. शरीराचं वजन कुठे टेकलंय, कुठे लोंबतंय, कुठे एक भाग दुसऱ्या भागावर रेललाय. हॅन्सनच्या बाईचं वजन त्या ट्रॉलीच्या दांडीवर आहे. हे बरोबर असेल तर कातडी थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं, आणि हे चुकलं तर तुम्ही एकेक रंध्र कोरा, दुकानाच्या काचेतली बाहुलीच दिसणार. अर्थात हे कळूनही पुढचे पाच महिने मी कातडी आणि केसांतच घालवले, कारण ते केल्याशिवाय सुटका नसते.

चेहरा मी मातीत नव्याने केला. पहिल्या साच्यातून कानाचा आकार, नाक, कपाळाच्या रेघा, मापं एवढं घेतलं, बाकी फोटोंवरून. साच्यात डोळे मिटलेलेच येतात त्यामुळे डोळे तर करावेच लागतात. पापण्या कापून उघडल्या, आत अॅक्रिलिकचे डोळे बसवले, पापणीची जाडी दिसायला हवी हे विसरले की डोळा भिंतीला भोक पाडून लावलेल्या गोटीसारखा दिसतो. नजर खालीच ठेवली. हॅन्सनचेही बहुतेक लोक बघणाऱ्याकडे बघत नाहीत आणि त्यात हुशारी आहे असं मला आता वाटतं, कारण डोळ्याला डोळा भिडला की काच लगेच कळते.

आणि मग झाला गंधकाचा घोळ. शेवटचं ओतकाम प्लॅटिनम सिलिकॉनमध्ये करायचं होतं, ते मऊ असतं, अर्धपारदर्शक, प्रकाश थोडा आत जातो म्हणून कातडीसारखं दिसतं. त्याचा एक नखरा असा की गंधक लागला की ते बसत नाही. आणि मॉडेलिंगच्या बऱ्याच तेलकट मातीत गंधक असतो. हे मी वाचलं होतं. खरंच वाचलं होतं. पण माझी माती जुन्या डब्यातली, डब्यावर नाव गेलेलं, मी गृहीत धरलं की बिनगंधकाची असेल आणि साचासुद्धा त्याच सिलिकॉनचा, थेट मातीवर घेतला. चोवीस तासांनी बाहेरून घट्ट, आत मातीला लागून चिकट पाकासारखा थर. छत्तीस तासांनीही तोच. ते खरवडताना उजवा कान गेला, मिशी गेली, अकरा दिवसांचं काम. आणि मोठेपणा म्हणजे तो चिकटा काढायला मी लेटेक्सचे ग्लोव्हज घातले होते, त्यानेपण हे सिलिकॉन बिघडतं. तर जो कोणी करणार असेल त्याने आधी अंगठ्याएवढ्या तुकड्यावर टेस्ट करा, ग्लोव्हज नायट्राइलचे घ्या, आणि जुन्या डब्यावर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्यांदा फायबरग्लासचा साचा केला. पॉलिएस्टर रेझिनच्या वाफा वाईट, वास नुसता डोक्यात जातो. हॅन्सनने वर्षानुवर्षं त्याच रेझिनमध्ये काम केलं आणि तो लिम्फोमाने गेला, त्याचा संबंध या वाफांशी जोडला जातो. मी मास्क लावून, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही असं केलं, तरी डोकं दुखायचंच.

रंगाचं सांगते कारण यात माझे हाल झाले. सिलिकॉनला सिलिकॉनच चिकटतं, बाकी कुठलाही रंग वाळला की पापुद्र्यासारखा निघतो, म्हणून पातळ सिलिकॉनमध्येच रंग कालवून एकावर एक थर द्यायचे. माझ्या हाताशी जे व्हिडिओ होते ते सगळे गोऱ्या कातडीचे. मामा सावळा. मी आपली तीच पद्धत घेतली आणि गडद करायला थोडा काळा घातला, तर मामा राखेत लोळून आल्यासारखा. दोन वेळा पुसून काढलं. मग एका रात्री स्वतःचाच हात दिव्याखाली धरून बघत बसले तेव्हा दिसलं की सावळ्या रंगात काळा जवळजवळ नाहीच, खाली तांबडा आणि नारिंगी आहे, मनगटाच्या आत हिरवट निळा, बोटांच्या पेरांवर जांभळट तपकिरी, तळवा एकदम वेगळा, फिकट गुलाबी, आणि तळवा नि हाताची पाठ जिथे भेटतात तिथे रेघ नाही, हळूहळू सरकत जाणारी सीमा आहे. ती सीमा मला सगळ्यात जास्त आवडली. चार दिवस फक्त बोटांच्या कडा. टूथब्रशवरून बोट फिरवून तुषार उडवायचे, लाल, मग निळे, मग तपकिरी, लांबून ते दिसत नाहीत पण नसले की कातडी प्लास्टिक दिसते.

केसांबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, किती लावले? मोजले नाहीत. सुईच्या नेढ्याचं टोक कापलं की दोन बारीक काटे राहतात, त्या बेचक्यात एक केस पकडायचा आणि सिलिकॉनमध्ये टोचायचा. एका भोकात एकच. दोन घातले की बाहुली. कोन चुकला की झाडू. मी डोक्याच्या केसांचे तुकडे हातावर लावायला सुरुवात केली आणि मामाचा हात ब्रशसारखा दिसायला लागला, कळेना का, दिशा बरोबर, संख्या बरोबर. मग कळलं की हातावरच्या केसाला कधी कात्री लागलेली नसते, तो टोकाला निमुळता होत जातो आणि मी लावत होते त्या तुकड्यांची टोकं बोथट. सगळे उपटले. मग फक्त न कापलेली टोकं वापरली, बाकी केस फेकून. असल्या गोष्टी कोणी सांगत नाही. भुवयांना दोन आठवडे लागले कारण मामाच्या भुवईत तीन-चार केस पांढरे, जाड आणि बंडखोर आहेत, ते नुसते पांढरे लावून चालत नाहीत, बाकीच्यांच्या विरुद्ध दिशेला जावे लागतात. मिशीच्या वेळी मात्र मी कंटाळले होते आणि ते दिसतं, जाणकाराने मिशीकडे फार वेळ बघू नये.

मधेच एकदा निराश होऊन मी रॉन म्यूकची कामं बघत बसायचे. तो ऑस्ट्रेलियात जन्मलेला, आधी पपेट आणि मॉडेल बनवायचा, आणि तो माणसाच्या मापाचं काम करतच नाही, एक तर मोठं नाहीतर लहान. त्याने वडिलांचं शव केलं, १९९६-९७ चं काम, लांबी फक्त १०२ सेंटीमीटर, डोक्याला स्वतःचे केस लावले. त्याच्या एका उकिडव्या बसलेल्या मुलाची उंची पाच मीटरच्या आसपास. तिथे कोणी फसतच नाही, मापच सांगतं की हा खरा नाही, आणि तरी माणूस बघत राहतो. मला दोन महिने वाटत होतं की मी मामाच्या मापाचा मामा करून चूक केली. अजूनही थोडं वाटतं. पण टाच बुटातून बाहेर काढलेली, तो बूट मामाचाच असायला हवा होता, आणि खरा बूट घालायचा तर पायपण त्या मापाचा.

कपडे म्हणजे सोपं असेल असं वाटलं होतं. मामाने कौतुकाने धुऊन इस्त्री केलेला शर्ट दिला. घातल्यावर सगळं काम एका मिनिटात शोरूममध्ये गेलं. परत दिला, म्हटलं तीन दिवस घालून दे आणि धुऊ नकोस. मामी म्हणाली, ही कसली कला. तीन दिवसांनी आला तेव्हा कोपरात घड्या होत्या, खिसा चष्म्याच्या घराने लोंबला होता, कॉलर आतून मळलेली, हे असलं काही रंगवून करता येत नाही. शर्ट अंगात घालायला मात्र पाठ उसवावी लागली कारण फायबरचं अंग हात वर करत नाही. बूट घालून पाय पाटाला बोल्ट केले म्हणजे कोणी धक्का दिला तर खुर्चीवरून घसरायला नको. बुटाच्या आत पाय नाहीच, सळई आणि फोम, बाहेर आलेली मोज्यातली टाच तेवढी नीट केलेली.

मग आमच्या ग्रुपच्या प्रदर्शनात ठेवला. फसले का लोक? हो, फसतात, दारातून येताना तीन-चार सेकंद, कोणी बाजूने वळसा घालून जातं, कोणी सॉरी म्हणतं, मग हसतात, फोटो काढतात. ते मला फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. महत्त्वाचं ते त्यानंतरचं, हसून झाल्यावर काही जण निघून जातात आणि काही थांबतात. मी तीन दिवस कोपऱ्यात बसून हेच बघत होते. थांबणारे केस बघत नव्हते, माझे पाच महिने कोणी बघत नव्हतं. एक बाई बराच वेळ उभ्या होत्या, मग त्यांनी बघता बघता स्वतःच्या चपलेतून टाच काढली आणि परत घातली.

मामा शेवटच्या दिवशी आला. प्रेस केलेला शर्ट, मिशीला काळा रंग. लांबून बघितलं, मग जवळ आला, पूर्ण फेरी मारली, मागे उसवलेली पाठ मी पिना लावून झाकली होती ती बघितली. म्हणाला, "डावा खांदा एवढा खाली आहे माझा?" म्हटलं आहे. "कधीपासून?" मला काय माहीत. मग त्याने समोरच्या काचेत स्वतःकडे बघून खांदा वर घेतला, थोडा वेळ धरला आणि मग बहुतेक विसरला.

निघताना वाकून बुटांकडे बघितलं. "हे माझेच ना? नवीन चावतायत गं. तुझं हे झालं की परत दे."

म्हटलं देते. दोन्ही बुटांच्या तळाला बारा मिलिमीटरचं आरपार भोक आहे हे अजून सांगितलेलं नाही.